पाहिलेला गेम खेळलेला मानावा का?

सावकाश

नमस्कार. मध्यंतरी माझ्या हातून एक चूक झाली आणि तेव्हापासून मनात घोळणारा एक प्रश्न येथे मांडतो आहे.

'आउटर वाइल्ड्स' (२०१९) हा गेम मी घेऊन ठेवला होता, परंतु सवड मिळत नव्हती. तेवढ्यात एका स्ट्रीमरने, म्हणजे आपले खेळणे इंटरनेटवरून थेट दाखवणाऱ्याने, तो खेळायला घेतला आणि 'जरा सुरुवात तरी पाहू' असे म्हणत मी सलग पाच रात्री तो शेवटपर्यंत पाहिला. ज्यांना या गेमची माहिती नाही त्यांच्यासाठी, रहस्यभेद न करता, इतकेच सांगतो की एका लहानशा सूर्यमालेत तुम्ही यानातून हिंडता, २२ मिनिटांनी सूर्याचा स्फोट होतो आणि तुम्ही पुन्हा सुरुवातीच्या जागी डोळे उघडता. येथे तुमची ताकद वाढत नाही, नवी शस्त्रे मिळत नाहीत. एका फेरीतून पुढच्या फेरीत तुमच्याबरोबर येते ते केवळ तुम्हाला कळलेले. ज्याला सगळे कळले आहे तो पहिल्याच फेरीत शेवट गाठू शकतो.

त्यानंतर मी स्वतः खेळायला बसलो, तर खेळण्यासारखे काही उरलेच नव्हते. कोठे जायचे, कोणत्या मिनिटाला जायचे, अमुक दार का उघडत नाही, हे सारे मला आधीच ठाऊक होते. यान मात्र एकदाही धड उतरवता आले नाही. चंद्रावर उतरताना तीन वेळा आपटून मेलो, आणि म्हणून ऑटोपायलटवर विसंबलो, तर वाटेत सूर्य आहे याची यत्किंचितही पर्वा न करता त्याने मला सरळ रेषेत सूर्यातच नेऊन घातले. म्हणजे डोक्याने गेम संपलेला आणि हातांनी सुरूही न झालेला, अशी माझी विचित्र अवस्था झाली आहे.

यावरून माझे मत असे झाले आहे की पाहिलेला गेम खेळलेल्यांच्या यादीत धरू नये, आणि ज्यांनी केवळ पाहिला आहे त्यांनी त्या गेमच्या गुणदोषांवर फार अधिकारवाणीने बोलू नये. तुम्ही काय मानता? आणि पाहिल्याने कोणते गेम संपतात, कोणते संपत नाहीत?

अंगठेबहाद्दर

माझ्या संग्रहात न खेळलेले गेम इतके साठले आहेत की पाहिलेले गेम खेळलेले मानण्याचा ठराव संमत झाल्यास माझ्या डोक्यावरचे मोठे ओझे उतरेल. कृपया सहानुभूतीने विचार व्हावा.

चिकित्सक

सावकाश, तुमचे उदाहरण तुमच्याच मताच्या विरुद्ध साक्ष देते आहे, हे तुमच्या लक्षात आले का? पाहणे जर मोजण्याच्या योग्यतेचे नसते, तर पाच रात्रींच्या पाहण्याने तुमचा गेम संपला नसता. तो संपला, याचा अर्थ त्याचे जे सार होते ते तुमच्यापर्यंत पोहोचले, आणि मागे राहिले ते यान चालवण्याचे कसब. त्या गेमपुरते बोलायचे तर तुम्ही तो चोरपावलांनी खेळून टाकला आहे, आणि आता 'खेळलो नाही' असे म्हणून हळहळत आहात.

माझी विभागणी सोपी आहे. ज्या गेमचा प्राण माहितीत आहे, तो पाहिल्याने खर्ची पडतो, आणि ज्याचा प्राण हातांत आहे, तो कितीही पाहिला तरी शाबूत राहतो. 'टेट्रिस' हजार तास पाहा, तुमच्यासाठी तो कोराच असेल.

तिसरा_डोळा

चिकित्सक यांच्या दुसऱ्या गटाविषयी थोडे लांबण लावतो, कारण पाहण्याचे मला मिळालेले सर्वांत मोठे सुख तेथलेच आहे.

मारामारीच्या गेमच्या 'ईव्हो' या स्पर्धेतील २००४ सालचा तो प्रसंग येथील बहुतेकांनी पाहिला असेल. 'स्ट्रीट फायटर ३ : थर्ड स्ट्राइक', दाइगो उमेहारा केन हे पात्र घेऊन खेळतो आहे आणि जस्टिन वाँग चुन-ली हे पात्र घेऊन. उमेहाराची जीवनरेषा जवळजवळ पुसली गेली आहे. अशा वेळी चुन-लीचा सुपर, म्हणजे फटक्यांची खास सरबत्ती, नुसता अडवूनही भागत नाही, कारण अडवलेला प्रत्येक फटकासुद्धा किंचित इजा करतोच आणि उमेहाराकडे ती किंचित सोसण्याइतकेही काही उरलेले नाही. उरतो एकच उपाय, तो म्हणजे पॅरी. मागे रेटून अडवण्याऐवजी, फटका लागण्याच्या नेमक्या क्षणी पुढे टिचकी मारायची. ही वेळ फ्रेमांमध्ये, म्हणजे पडद्यावरच्या एकेका चित्रात, मोजावी लागते आणि एका सेकंदात साठ फ्रेम असतात. त्या सुपरमध्ये पंधरा फटके आहेत. उमेहाराने ते पंधराही पॅरी केले, शेवटचा तर हवेत उडी घेऊन, आणि खाली येताच उलट कॉम्बो, म्हणजे सलग जोडलेले फटके, लावून ती फेरी जिंकली.

मी हा व्हिडिओ प्रथम पाहिला तेव्हा मला गेमचा गंधही नव्हता. लोक ओरडत होते म्हणून मीही थरारलो. पुढे काही वर्षांनी हा गेम शिकायला घेतला आणि सरावात चुन-लीच्या त्याच सुपरसमोर उभा राहिलो, तेव्हा कळले की पहिला फटका दिसल्यावर हात हलवणाऱ्याला उशीर झालेला असतो आणि तेथे आधीच अंदाज बांधावा लागतो. माझी मजल चौथ्या फटक्यापर्यंत गेली. त्या संध्याकाळी व्हिडिओ पुन्हा लावला आणि या वेळी मला लोकांचे ओरडणे ऐकूच आले नाही, कारण मी उमेहाराचा केन सुपर येण्याआधीच काय करतो आहे, तिकडे डोळे लावून बसलो होतो.

तेव्हा माझे म्हणणे असे की पाहिलेला गेम खेळलेला होत नसेलही, परंतु खेळून झाल्यावर पाहिलेला गेम वेगळाच असतो. (आणि हो, ती स्पर्धा उमेहाराने जिंकली नव्हती. अंतिम लढतीत तो हरला. त्या व्हिडिओच्या नादात ही गोष्ट जवळजवळ सगळेच विसरतात.)

निर्विकार

मला पाहणे शारीरिकदृष्ट्याच अशक्य आहे. प्रथमपुरुषी दृश्याचे गेम मी तासन्‌तास खेळू शकतो, पण तोच गेम दुसरा कोणी खेळत असेल तर दहा मिनिटांत मळमळू लागते. गाडी चालवणाऱ्याला गाडी लागत नाही आणि मागे बसणाऱ्याला लागते, तसा हा प्रकार आहे. मान कोणीकडे वळणार, हे आधी ठाऊक असणे आणि नसणे, एवढाच काय तो फरक.

मेघना_२

मूळ धाग्यातील एका वाक्याने मी थोडी दुखावले गेले आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

माझ्या दोन्ही अंगठ्यांच्या सांध्यांचे दुखणे जुने आहे. पंधरा मिनिटांपेक्षा अधिक काळ कंट्रोलर धरला की पुढचे दोन दिवस मला साधी बाटली उघडता येत नाही. त्यामुळे मागील सहा-सात वर्षे गेम धाकटा भाऊ खेळतो आणि मी शेजारी बसते. 'डार्क सोल्स' (२०११) आम्ही असाच संपवला. कोणत्या वळणावर कोण दबा धरून बसला आहे, कोणत्या मूर्तीमागे शिडी आहे, कोणत्या पात्राने चाळीस तासांपूर्वी काय सांगितले होते, हे सगळे माझ्या वहीत असे. भावाचे हात चपळ आहेत, पण बॉस, म्हणजे टप्प्यावरचा बलाढ्य शत्रू, समोर आला की त्याची स्मरणशक्ती गळून पडते. 'आता डावीकडे लोळ', 'आता मारू नकोस, तो अजून एकदा फिरवणार आहे', हे मी म्हणायचे आणि त्याने करायचे. एका बॉसपाशी आम्ही अकरा दिवस अडकलो होतो. तो कसा वार करतो याची लय प्रथम माझ्या ध्यानात आली, कारण जीव वाचवण्याच्या गडबडीत मी नव्हते.

आता सांगा, हा गेम कोणी खेळला? 'केवळ पाहिला आहे त्यांनी अधिकारवाणीने बोलू नये' या नियमाने मला त्या गेमविषयी बोलण्याचा अधिकार नाही आणि माझ्या भावाला आहे. त्याला विचारलेत तर तो हसेल.

जाता जाता आणखी एक. काही निर्माते हा विचार करू लागले आहेत, याचा मला मनापासून आनंद आहे. 'सेलेस्ट'मध्ये (२०१८) सहायक पद्धती निवडून गेमचा वेग निम्म्यापर्यंत उतरवता येतो, आणि 'द लास्ट ऑफ अस पार्ट २'मध्ये (२०२०) साठहून अधिक सुलभतेच्या सोयी आहेत. 'सेलेस्ट' मी स्वतः, माझ्या हातांनी, पंधरा-पंधरा मिनिटांच्या बैठकांतून संपवला आहे. त्याला किती महिने लागले ते विचारू नका.

सावकाश

मेघनाताई, ते वाक्य मी मागे घेतो आणि दिलगिरी व्यक्त करतो. ते लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर दोन तासांचा व्हिडिओ दुप्पट वेगाने पाहून 'यात काही दम नाही' असा निकाल देणारे लोक होते. शेजारी बसून वही लिहिणारा माणूस हा पाहणारा नव्हेच, याविषयी माझ्या मनात शंका नाही.

तरी मूळ शंका थोडी शिल्लक राहते. तुम्ही भावाला सांगू शकत होता आणि तो ऐकत होता. मी पाच रात्री ज्याला पाहिले त्याला मी काही सांगू शकत नव्हतो, किंवा सांगितले असते तरी प्रेक्षक जेथे लिहीत असतात त्या चॅटच्या धबधब्यात ते वाहून गेले असते.

जुना_खेळगडी

सावकाश यांनी 'सांगू शकत नव्हतो' म्हटले, त्यावरून २०१४ साली झालेला एक प्रयोग आठवला. 'पोकेमॉन रेड' हा गेम ट्विच या थेट प्रक्षेपणाच्या संकेतस्थळावर लावला होता आणि चॅटमध्ये लोक जे लिहीत तीच बटणे दाबली जात. हजारो लोक एकाच वेळी एकाच पात्राला चारी दिशांना ओढत होते, शिवाय चित्र काही सेकंद उशिरा पोहोचत असल्याने प्रत्येक जण भूतकाळाला सूचना देत होता. एका साध्या कठड्यावरून खाली न पडता चालत जायला तासन्‌तास लागले आणि गोंधळात चांगले पाळलेले पोकेमॉन सोडून दिले गेले. तरीही १६ दिवसांत गेम पूर्ण झाला. तेथे पाहणारा कोण आणि खेळणारा कोण, हे ब्रह्मदेवालाही सांगता आले नसते.

आणखी एक जुनी आठवण. राक्षसांवर गोळ्या झाडण्याचा 'डूम' (१९९३) खेळणारे लोक आपली कामगिरी 'डेमो' फाइलमधून एकमेकांना पाठवत. ती फाइल म्हणजे चित्रफीत नव्हे. कोणत्या क्षणी कोणती कळ दाबली, एवढीच नोंद तिच्यात असे, त्यामुळे ती आकाराने अगदी चिमुकली होती. तुम्ही ती चालवली की तुमच्या संगणकावरचा 'डूम' त्याच कळा त्याच क्रमाने दाबून तो खेळ पुन्हा खेळून दाखवी. हे शक्य होई, कारण त्या गेममधील यादृच्छिकतासुद्धा २५६ अंकांच्या एका ठरलेल्या कोष्टकातून येते. तीच सुरुवात आणि त्याच कळा असल्या की राक्षसही तसेच वागणार.

गंमत तेव्हा व्हायची, जेव्हा तुमच्याकडची आवृत्ती वेगळी असे. सुरुवातीला सारे सुरळीत चाले, मग एखादा राक्षस किंचित वेगळा वळे, आणि तेथून पुढे आपला शूरवीर भिंतीला डोके घासत, रिकाम्या कोपऱ्यात गोळ्या झाडत, मोठ्या आत्मविश्वासाने भलत्याच खोलीत हिंडू लागे. समोरची परिस्थिती बदलली आहे आणि हात मात्र जुन्याच लढाईत गुंतलेले आहेत, असे ते दृश्य मी आजही विसरलेलो नाही. दुसऱ्याचे पाहून तंतोतंत तसेच खेळू पाहणाऱ्या माझीही अवस्था अनेकदा अशीच झाली आहे.

धागा भरकटवल्याबद्दल क्षमस्व.

चिकित्सक

भरकटलेला नाही, उलट मुद्द्यावर आला आहे. 'डार्क सोल्स'चा उल्लेख झालाच आहे, तर त्यातील रक्ताचे डाग आठवा. वाटेत जमिनीवर एखादा डाग दिसतो, त्याला हात लावला की तेथे मेलेल्या अनोळखी खेळाडूचे शेवटचे काही क्षण लालसर छायारूपाने दिसतात. त्याला मारणारा दिसत नाही, फक्त तो दिसतो. माणूस धावत येतो, अचानक मागे वळतो आणि कोसळतो. त्यावरून पुढे काय आहे याचा तर्क आपण करायचा. हे पाहणेच आहे, पण गेमच्या आतले. निर्मात्याने अर्धे झाकून ठेवलेले पाहणे आहे, आणि म्हणून ते गेम संपवत नाही.

याचे कर्ते हिदेताका मियाझाकी यांनी सांगितले आहे की लहानपणी ते आपल्या वाचनक्षमतेपलीकडची पुस्तके वाचत आणि न कळलेला भाग स्वतःच्या कल्पनेने भरून काढत. त्या डागांमध्ये मला तोच मुलगा दिसतो.

तेव्हा माझी आधीची विभागणी मी सुधारतो. माहिती की हात, एवढ्याने भागत नाही. पाहणाऱ्याला किती रिकामी जागा मिळते, हेही पाहिले पाहिजे. सावकाश यांच्या स्ट्रीमरने पाच रात्रींत एकही जागा रिकामी ठेवली नाही.

अंगठेबहाद्दर

चिकित्सक यांनी आपले मत सुधारले, याची या धाग्यावर नोंद व्हावी. 'पाहून शाबूत राहतो' या त्यांच्या उदाहरणाविषयी मात्र थोडे.

'टेट्रिस'च्या १९८९ सालच्या निन्टेन्डो आवृत्तीत २९व्या पातळीला ठोकळा दर फ्रेमला एक घर खाली येतो, म्हणजे वीस घरांची विहीर सेकंदाच्या एक तृतीयांशात संपते. बटण नुसते दाबून धरले तर ठोकळा कडेला पोहोचण्याआधीच तळ गाठतो, म्हणून कित्येक वर्षे लोक ही पातळी म्हणजे गेमचा अंतच समजत. पुढे काही जणांनी अंगठा थरथरवून बटण वेगाने दाबण्याची रीत काढली, आणि त्यानंतर आली 'रोलिंग'. तिच्यात अंगठा बटणावर नुसता टेकवून ठेवायचा आणि दुसऱ्या हाताची बोटे कंट्रोलरच्या पाठीवर तबल्यासारखी वाजवायची, म्हणजे बटणच अंगठ्यावर येऊन आदळते. २०२३च्या डिसेंबरमध्ये एका तेरा वर्षांच्या मुलाने याच रीतीने १५७वी पातळी गाठली आणि तेथे गेमच गोठला. यंत्राला हरवणारा तो पहिला माणूस.

आता मुद्दा असा, की रोलिंग पसरली ती पाहूनच. खेळाडूंच्या हातांवर रोखलेला कॅमेरा नसता, तर पडद्यावरच्या ठोकळ्यांकडे जन्मभर पाहूनही कोणाला ती कळली नसती. पाहून गेम कळत नसेल, तर कदाचित आपण चुकीच्या ठिकाणी पाहत असू. (मी स्वतः रोलिंगचा सराव केला. ठोकळे हलले नाहीत, पण शेजारच्या खोलीतून 'तो तबला थांबव' असा आवाज आला.)

सव्यसाची

+१. 'सेलेस्ट'बाबतही तसेच. पात्राचा पाय कड्यावरून सुटल्यानंतरही काही फ्रेमांपुरती उडी मारता येते, असे त्यात मुद्दाम ठेवले आहे. खेळताना हे जाणवत नाही, फक्त आपण फार कुशल आहोत असे वाटत राहते. सावकाश थांबवून पाहिले तरच कळते की उडी हवेतून मारली होती. ही एक गोष्ट पाहणाऱ्यालाच दिसते आणि खेळणाऱ्याला कधीच नाही.

सावकाश

माझे नाव विनाकारण ओढले गेले की काय, असे क्षणभर वाटले.

तिसरा_डोळा

'अंडरटेल' (२०१५) न खेळलेल्यांनी हा प्रतिसाद वगळावा.

त्या गेममध्ये सर्वांना मारत सुटण्याचा एक मार्ग आहे. त्या वाटेवर एक पात्र तुम्हाला उद्देशून म्हणते की आपण निदान त्या लोकांपेक्षा बरे, ज्यांना हे सगळे घडताना पाहायचे असते पण स्वतः करण्याची धमक नसते, आणि तसे कोणीतरी आत्ता पाहतच असेल. मी तेव्हा स्ट्रीम पाहत होतो. तो मार्ग स्वतः खेळवत नाही म्हणूनच पाहत होतो. खेळणारा हसला आणि मी पडदा बंद केला.

निर्मात्याने पाहणाऱ्यालाही गेममध्ये धरले आहे, तेव्हा 'पाहिलेला मानावा का' याचे निदान एका गेमने तरी दिलेले उत्तर असे आहे.

मेघना_२

तिसरा_डोळा, हा प्रसंग आमच्याकडे झाला तेव्हा भाऊ पडदा सोडून माझ्याकडे पाहू लागला होता. मी म्हटले, 'बटण तू दाबलेस.'

निर्विकार

कृष्णाने हाती शस्त्र धरणार नाही असे सांगून काय काय केले, ते आठवले.

सावकाश

बऱ्याच दिवसांनी येथे परत येतो आहे. मेघनाताईंचे वाचून एक प्रयोग केला, त्याचा वृत्तांत देतो.

'रिटर्न ऑफ द ओब्रा डिन' (२०१८) घेतला. १८०७ साली परतलेले एक निर्मनुष्य जहाज, त्यावरची साठ माणसे, आणि प्रत्येकाचे नाव काय व त्याचे काय झाले हे शोधून वहीत भरायचे. तीन माणसांविषयीची नोंद बरोबर झाली की मगच गेम ती पक्की करतो, त्यामुळे अंदाजपंचे काम चालत नाही. माझी थोरली बहीण गेम खेळत नाही. तिला शेजारी बसवले आणि कंट्रोलर माझ्या हाती ठेवला. पहिल्या संध्याकाळी ती गप्प होती. दुसऱ्या संध्याकाळी मी एका मृतदेहाभोवती चौथी प्रदक्षिणा घालत असताना ती म्हणाली, 'अरे, मेलेल्याकडे काय पाहतोस, मागे उभ्या असलेल्या माणसाचे बूट पाहा.' त्यानंतर मी चालकच उरलो. साठांपैकी निम्म्याहून अधिक माणसे तिने ओळखली.

चिकित्सक, तुमच्या भाषेत बोलायचे तर येथे रिकामी जागा भरपूर होती, आणि ती दोघांना पुरली. स्ट्रीमरच्या पाच रात्रींत माझे नेमके काय हुकले, तेही आता सांगता येईल. तेथे मी त्याच्यापेक्षा आधी ओळखलेले असे काहीच नव्हते. मी ओळखण्याआधीच, मी विचार करायला घेण्याआधीच, चॅटमधून त्याला कोणीतरी सांगत असे आणि आम्ही दोघेही पुढे जात असू. एका अर्थी तो गेम त्यानेही खेळलेला नाही.

ज्या गेमचे कुतूहल आहे त्याचे पाहणे मी बंद केले आहे. हातांचे गेम मात्र मनसोक्त पाहतो.

चिकित्सक

शेवटून दुसऱ्या परिच्छेदाशी पूर्ण सहमत. 'आउटर वाइल्ड्स'चे पुढे काय केलेत?

सावकाश

काढून टाकला नाही. रहस्य संपलेले आहे, तेव्हा आता घाई कसलीच नसते. रोज एक फेरी यान घेऊन निघतो, ऑटोपायलटला हात लावत नाही. काल चंद्रावर एकही ओरखडा न पडता उतरलो आणि स्फोट होईपर्यंत तेथेच बसून राहिलो.

अंगठेबहाद्दर

अभिनंदन. कोणी पाहिले का?

सावकाश

नाही.

अंगठेबहाद्दर

मग मानता येणार नाही.